चार टॅब, एक साप आणि आधीच्या बाईंचं खातं

दुसरीच्या वर्गासाठी आमच्याकडे स्वस्तातले वीस टॅब आहेत. 2 जीबी रॅम, 32 जीबी जागा, त्यातली बरीचशी अँड्रॉइडने आधीच बळकावलेली. ते रडतखडत चालणार हे मी धरूनच चालले होते. माझा जीव खाल्ला तो भलत्याच गोष्टीने.

लांब सुट्टीनंतर कपाट उघडलं तर सगळे टॅब मेलेले. चार्जर चारच धड होते, म्हणून आधी चारच टॅब चार्ज केले. त्यातल्या एकाला एका मुलाने पॅटर्न लावून टाकला. कोणता? "बाई, मी साप काढला होता." आम्ही दोघांनी मिळून साप काढले. सरळ, वेटोळ्याचा, शेपटीकडून. टॅब ढिम्म. मग मी आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून त्याला रिसेट मारला. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. उरलेले तिघेही कुरकुरत होते, त्यांनाही त्याच झटक्यात मारला. आता चारही पडद्यांवर एकच मागणी: या टॅबवर आधी असलेल्या गूगल खात्याने साइन इन करा.

ते खातं माझ्या आधीच्या बाईंनी काढलेलं. त्या बदलून गेल्या. त्यांना पासवर्ड आठवेना, आणि ओटीपी जायचा तो नंबर त्यांनी केव्हाच बंद केलेला.

हा बिघाड नाही. चोरलेला फोन चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून 2015 साली अँड्रॉइड 5.1 बरोबर हे कुलूप आलं. सेटिंग्जमध्ये जाऊन रीतसर रिसेट केलं तर ते पडत नाही. बाहेरून बटणं दाबून केलं की टॅबच्या लेखी आपण चोर. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!

मदतकेंद्राला फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा रिसेट करून बघा." मी फोन ठेवला, पाणी प्यायले, परत लावला. दुसऱ्याने बिल मागितलं. बिल आमच्याकडे नाही, टॅब वाटणाऱ्या कार्यालयात. तिथे म्हणाले, बिल सगळ्या टॅबचं एकत्र आहे, त्यावर कुठल्याच टॅबचा सिरियल नंबर नाही. मग मदतकेंद्राचा प्रश्न, तुमचेच टॅब कशावरून? तीन आठवडे हेच. (टॅब हातात आले की प्रत्येकाचा सिरियल नंबर वहीत उतरवून घ्या. पाठीवरचं स्टिकर मुलं नखाने खरवडून काढतात.)

सुटका कपाटातच होती. बाकीच्या सोळा टॅबवर तेच खातं अजून चालू असणार, हे मला तीन आठवड्यांनी सुचलं! शेजारच्या वर्गांतून चार्जर मागून आणले, टॅब चालू केले, तर नेट चालेना. वाय-फायच्या खुणा पूर्ण, पण एक पान उघडेल तर शपथ. बॅटरी पार संपल्यामुळे घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं, आणि तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं (म्हणजे साइट खरी असल्याचे मुदतीचे दाखले) टॅब मान्यच करत नाही. सोळा टॅबवर हाताने तारीख लावली. म्हणून सुट्टीत टॅब रिकामे ठेवू नका, निम्मे चार्ज करून बंद करून ठेवा. बॅटरीलाही तेच बरं.

मग संगणकावरून 'पासवर्ड विसरलो' दाबलं आणि टेबलांवरचे टॅब एकामागोमाग उजळले: हे तुम्हीच आहात का? मी "हो" दाबायला धावले, पण पहिल्या बाकावरच्या मुलीने तोवर प्रामाणिकपणे "नाही" दाबलं होतं. खरंच होतं तिचं.

दुसऱ्या खेपेला मुलांना मैदानावर पाठवलं, मग जमलं. नवा पासवर्ड लगेच त्या चार टॅबवर टाकला, तर घेतला नाही. बदलल्यावर 24 तास थांबावं लागतं म्हणे. दुसऱ्या दिवशी घेतला, एकामागून एक चारही. मी एकटीच वर्गात टाळ्या वाजवल्या.

आता खातं वर्गाचं आहे, रिकव्हरीचा नंबर शाळेचा, आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात पाकिटात. आणि हो, वीसही टॅब एकदम वाय-फायवर सोडू नका. सगळे एकदम अपडेट मागतात आणि तास तिथेच संपतो. मी पाच-पाच सोडते.

सापवाल्याला परवा विचारलं, आता टॅबला काय लावलंस? म्हणाला, "काही नाही बाई, मासा."