अटक दाखवण्याआधीचे तास

मराठीत अटकेला दोन क्रियापदं आहेत. अटक केली आणि अटक दाखवली, म्हणजे कागदावर नोंदवली. कोर्टाच्या आवारात वकील, हवालदार, आरोपीची आई, सगळे दुसरं क्रियापद इतक्या सहज वापरतात की ते कुणाच्या कानाला खटकत नाही. "काल दुपारी उचललं, आज सकाळी अटक दाखवली." एवढ्या एका वाक्यात अठरा-वीस तास गडप झालेले असतात. देशात लोकशाही कितपत शिल्लक आहे हे लोक निवडणुकांवरून आणि वाहिन्यांवरून ठरवतात. मला ते या गडप झालेल्या तासांवरून ठरवावंसं वाटतं. सामान्य माणसाची सरकारशी खरी गाठ पडते ती तिथे, आणि तेव्हा तो एकटा असतो.

घटनेच्या मसुद्यात अनुच्छेद २२ आधी नव्हता. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य प्रक्रिये'ची हमी वगळली गेली, त्यावर नाराजी झाली, आणि १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ती उणीव काही अंशी भरून काढायला नवा अनुच्छेद १५-अ मांडला. तोच आजचा २२. अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. फौजदारी प्रक्रियेत हे आधीपासून होतं. घटनेत घातल्यामुळे साध्या बहुमताने काढून टाकता येईना. (त्याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला डांबून ठेवण्यालाही, जागा मिळाली. ती जखम अजून भरलेली नाही.)

आता घड्याळाचं. चोवीस तास सुरू कधी होतात? स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद पडते तेव्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका कस्टम्स प्रकरणात स्पष्ट सांगितलं की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की अटक सुरू झाली, अधिकारी कागदावर कोणतीही वेळ टाको. तीन तास बाकावर बसवलंय, फोन काढून घेतलाय, उठून जाऊ देत नाहीत, म्हणजे ती अटकच. अडचण पुराव्याची असते. पूर्वी जाणते वकील घरच्यांना आधी तारघरात पाठवायचे. जिल्हा पोलीस प्रमुखांना तार केली की तिच्यावरची वेळ कुणाला पुसता येत नसे. तार २०१३ साली बंद झाली. आज तेच काम ईमेल करतो. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, आणि शक्य असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा), यांना चार ओळींचा मेल: अमुक व्यक्तीला अमुक वाजता अमुक ठिकाणाहून अमुक ठाण्यात नेलं आहे, नेणाऱ्याच्या नावपट्टीवर अमुक नाव होतं, अटकेचा कागद अद्याप दिलेला नाही. हा मेल पहिल्या तासात गेला तर त्याला मोल. दुसऱ्या दिवशी केलेल्या मेलला सरकारी वकील 'पश्चात्‌बुद्धी' म्हणतात.

"चौकशीला बोलावलंय" या शब्दांवर मात्र थांबायला हवं. ठाण्यात बोलावण्याचे कायद्यात प्रामुख्याने दोनच मार्ग आहेत. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा; पुढची कलमंही त्यातलीच) कलम १७९ ची लेखी नोटीस लागते. पंधराच्या आतला मुलगा, साठीपुढचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्यासाठी घराबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्याकडे जायचं. संशयित म्हणून बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस, म्हणजे ज्याला जुने लोक अजून '४१-अ' म्हणतात ती. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. या दोन्हींपैकी काहीच हातात नसताना "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे" असा निरोप येतो. घाबरून धावू नका आणि हुज्जतही घालू नका. "नोटीस द्या, मी वेळेवर हजर राहतो" एवढं बोला, आणि तेच मेसेजमध्येही लिहा. नोटिशीवर हजर राहिलात तर आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहून पोच मागा. नाही दिली तर ठाण्याबाहेर पडल्यावर तिथूनच स्वतःला एक मेल करा.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नोटीस हा नियम आहे आणि अटक हा अपवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून अटक का गरजेची होती याची चेकलिस्ट पोलिसांनी भरून दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायची असते. प्रत्यक्षात ती छापील असते आणि सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा असतात. पुरावा नष्ट करेल, पळून जाईल, साक्षीदारांवर दबाव आणेल, पुन्हा गुन्हा करेल: सगळं एकाच माणसाबद्दल, एकाच पेनाने. वकिलाने रिमांडच्या, म्हणजे दंडाधिकाऱ्याकडे कोठडी मागितली जाते त्या, वेळी या कागदावर बोट ठेवलं पाहिजे. बहुतेक वेळा कुणी तो मागतच नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीपुढचा किंवा आजारी असेल तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, हेही ठाण्यात फारसं कुणी आठवून देत नाही.

अटक झालीच तर दोन कागद वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला अटकेचा मेमो: वेळ, तारीख, घरचा किंवा परिसरातला एक प्रतिष्ठित साक्षीदार, आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी. सही करताना वेळेचा रकाना कोरा असेल तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने वेळ टाका. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. दुसरा कागद अटकेच्या कारणांचा, आणि खरी गफलत तिथे होते. छापील नमुन्यावर साधारण असं असतं: "आपणांस गु.र.नं. अमुक, कलम अमुक अन्वये दाखल गुन्ह्याच्या तपासकामी अटक करण्यात येत आहे." यात गुन्ह्याचा नंबर आहे, कारण नाही. हा मजकूर शेजारच्या कोठडीतल्या माणसालाही तसाच लागू पडेल. कारण म्हणजे: तुम्ही अमक्या तारखेला, अमक्या ठिकाणी, अमुक केल्याचं अमुक पुराव्यावरून दिसतं. हे वाचून वकील जामिनाचा युक्तिवाद उभा करू शकला पाहिजे. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये हाच फरक दाखवून अटक बेकायदा ठरवली होती.

वरळीच्या अपघात प्रकरणातून गेलेल्या खटल्यात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट सगळ्याच गुन्ह्यांना लागू केली. कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. घटनास्थळीच अटक करावी लागली आणि कागद तयार नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी लेखी हातात पडलं पाहिजे. नाही पडलं तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद किंवा भिवंडीत उडिया मजुराला मराठी कागद देऊन भागणार नाही. तरी एक सांगून ठेवते: या मुद्द्यावर सुटका झाली म्हणजे गुन्हा संपत नाही. कारणं लेखी देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात. कारणं दिली होती हे सिद्ध करण्याचा भार मात्र पोलिसांवरच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२५ चा विहान कुमार निकाल सांगतो.

मग रिमांड. इथे एक दृश्य रोज घडतं. दुपारी पावणेतीनला कोर्ट हॉलच्या मागच्या दाराने सहा-सात जणांना रांगेत आणतात. न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" तपासी अंमलदार आरोपीच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभा असतो. आरोपी मान हलवतो. लघुलेखक रोजनाम्यात टाइप करतो, 'तक्रार नाही'. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. पुढे तीन वर्षांनी मारहाणीचा मुद्दा निघाला की हेच दोन शब्द आडवे येतात. म्हणून वकिलाने पुकारा होण्याआधी आरोपीला एकदा तरी बाजूला घेऊन भेटलंच पाहिजे, आणि मार लागला असेल तर तोंडी न सांगता तिथल्या तिथे हाताने लिहिलेला अर्ज द्यावा: कुठे, कशाने, कधी. वैद्यकीय तपासणी कलम ५३ खाली होतेच. डॉक्टरने अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला द्यायची असते. ती प्रत मागणारे शंभरात दोन नसतील. कोर्टाला सुट्टी असली तरी चोवीस तास थांबत नाहीत, त्यासाठी सुट्टीचं कोर्ट असतं. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या लोकअभिरक्षक (आरोपींसाठी मोफत वकिलांच्या) कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा.

सीसीटीव्हीबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात लॉकअप, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, पुढचं-मागचं दार इथे आवाजासह कॅमेरे लावून चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर ठेवायला सांगितलं. मागायला गेलं की डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बंद होता, हार्ड डिस्क भरली होती, लाइट गेली होती. चित्रण 'द्या' असा अर्ज नंतर करता येतो. पहिल्या दिवशी 'जपून ठेवा' असा अर्ज करा, त्यात तारीख आणि तासांचा पल्ला लिहा, प्रत दंडाधिकाऱ्याला द्या. मग चित्रण गेलं तर ते अर्ज आल्यावर गेलं, हे नोंदीवर राहतं.

आंदोलनं करणाऱ्यांना '१४९ ची नोटीस', म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून पोलीस आधीच देतात ती, पाठ आहे, तिचा नंबर आता १६८ झाला. त्याहून महत्त्वाचं कलम १७२ नवीन आहे: पोलिसांच्या निर्देशाला विरोध करणाऱ्याला ताब्यात घेता येतं आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडता येतं. सकाळी दहाला हॉलमध्ये नेऊन बसवायचं आणि मंत्र्यांचा दौरा आटोपला की सोडायचं, ही जुनीच पद्धत. त्याला आता नवा आधार मिळाला. यात कोर्टापुढे कुणीच जात नाही, म्हणून त्या दिवसाचा हिशेबही कुणी मागत नाही. मला हे कलम कोठडीइतकंच काळजीचं वाटतं. सुटताना निदान स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक तरी विचारून घ्या.

जामीन मंजूर झाला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण दार अजून बंदच असतं. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी (खटल्याचा निकाल न लागलेले) होते, म्हणजे शंभरातले पंच्याहत्तरहून जास्त. त्यातले काही जामिनाचा हुकूम हातात असूनही आत असतात. जामीनदार मिळत नाही, मिळाला तर त्याच्याकडे सातबारा किंवा घरपट्टीची पावती नसते, कोर्टाने ऐपतीचा दाखला मागितला तर तो तहसीलमधून यायला आठवडे जातात. बाहेरगावच्या मजुराला तर इथे ओळखणारंच कुणी नसतं. अशा वेळी आधी रोख जामिनावर सोडा आणि जामीनदारासाठी मुदत द्या, असा अर्ज त्याच दिवशी करावा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवड्यात जामीनदार उभा राहिला नाही, तर कलम ४७८ प्रमाणे तो माणूस निर्धन धरून त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात हुकूम होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्टाने अटी सैल करण्याचा स्वतःहून विचार करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं आहे. अधीक्षक कळवेल याची वाट पाहू नका. आठव्या दिवशी जामिनाच्या हुकमाची प्रत घेऊन नातेवाइकाने स्वतः सचिवांच्या कार्यालयात जावं, आणि आवक शिक्का मारून पोच घ्यावी.