प्रमाणपत्रासोबत पदभारही हवा

महिला पोलिसांसाठी भरणाऱ्या नेतृत्व विकास शिबिरांचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी सारखेच असते. सकाळी योगासने, मग ताणतणाव व्यवस्थापन, जेवणानंतर संवादकौशल्य, आहारतज्ज्ञांचे व्याख्यान आणि शेवटी वरिष्ठांच्या हस्ते प्रमाणपत्रे व सामूहिक छायाचित्र. पोलीस दलातून निवृत्त झाल्यानंतर अशा शिबिरांत गुन्हे तपासावर बोलण्यासाठी मला अधूनमधून बोलावणे येते आणि मी आनंदाने जाते, कारण रोजच्या ड्यूटीतून दोन दिवस सुटका झालेल्या शिपाई आणि हवालदार मुली तिथे मोकळेपणाने बोलतात. मात्र त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांना सायबर गुन्ह्यांचा तपास, जमाव नियंत्रण, न्यायवैद्यक पुरावे अशा विषयांच्या शिबिरांना धाडले जाते, आणि आहारतज्ज्ञांचे व्याख्यान त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. वास्तविक दलातील काही पोटांचा घेर पाहता त्याची गरज तिकडेच अधिक आहे.

पोलीस ठाण्यात नेतृत्व येते ते पदभारातून. रात्रपाळीत ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसणे, बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला ठरलेला भाग सांभाळणे, गुन्हे प्रकटीकरण पथकात (डीबी) असणे, एखाद्या गुन्ह्याचा तपास फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंत स्वतःच्या नावावर असणे, बंदोबस्तात एका सेक्टरची जबाबदारी घेणे, ही कामे करता करता माणूस हुकूम द्यायला आणि त्या हुकमाचे परिणाम अंगावर घ्यायला शिकतो. महिला कर्मचाऱ्यांच्या वाट्याला मात्र प्रामुख्याने बारनिशी म्हणजे आवक-जावक टपालाची नोंद, सीसीटीएनएस या गुन्हे नोंदीच्या प्रणालीचा संगणक, पासपोर्ट पडताळणी आणि महिला तक्रार कक्ष येतो. शिवाय कायद्यानेच काही कामे त्यांच्यावर सोपवली आहेत. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो, स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते आणि सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्याची वेळ अपवाद म्हणून आलीच, तर महिला अधिकाऱ्याशिवाय ती करता येत नाही. या तरतुदी योग्यच आहेत. पण मनुष्यबळ तुटपुंजे असल्याने ठाण्यातली एकुलती महिला हवालदार दिवसभर दुसऱ्यांच्या गुन्ह्यांत ‘सोबत’ म्हणून फिरत राहते. पंचनाम्यात तिचे नाव येते, पण तपासाची केस डायरी दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असते.

महाराष्ट्रात महिलांना सेवाभरतीत 30 टक्के आरक्षण असल्यामुळे आपल्या दलातील महिलांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून वरचढ आहे. ती सरासरी 2022 च्या सुमारास 12 टक्क्यांच्या आसपास होती. केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना 33 टक्क्यांचे उद्दिष्ट सुचवले आहे आणि प्रत्येक ठाण्यात किमान 3 महिला उपनिरीक्षक व 10 महिला शिपाई असावेत, असेही कळवले आहे. भरतीच्या आकड्यांवर चर्चा पुष्कळ होते. भरती झालेल्या मुलीला दहा वर्षांनी कोणते काम दिले जाते, हे फारसे कोणी विचारत नाही.

महिला नेतृत्वाचा विषय निघाला की व्याख्याते हमखास आयपीएस अधिकाऱ्यांची उदाहरणे देतात. मीरा बोरवणकर यांनी जळगावच्या वासनाकांडाचा तपास केला, 2004 मध्ये मुंबई गुन्हे शाखेच्या त्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. जानेवारी 2024 मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. ही नावे ऐकून मुलींना उभारी येते, हे मी पाहिले आहे. परंतु त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याला जिल्ह्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षणानंतर उपविभागाचा पदभार मिळतो आणि तो मिळणे हा व्यवस्थेचाच भाग असतो, त्यात ती स्त्री आहे की पुरुष हा प्रश्न येत नाही. शिपाई म्हणून भरती झालेल्या मुलीसाठी अशी कोणतीही हमी नाही. तिला डीबीत घ्यायचे की बारनिशीला बसवायचे, हे ठाणे प्रभारींच्या मर्जीवर ठरते. प्रभारी चांगले मिळाले तर तिचे सोने होते, आणि नाही मिळाले तर सेवापुस्तकात प्रशिक्षणाच्या नोंदी तेवढ्या वाढत जातात.

माझ्या तासाला मी एक प्रसंग देते. निरीक्षक रजेवर आहेत, दुय्यम अधिकारी न्यायालयात अडकले आहेत आणि डायल 112 वरून निरोप येतो की मिरवणुकीतल्या डीजेवरून दोन गट समोरासमोर आले असून दगड लागून एक जण जखमी झाला आहे. तुमच्याकडे एक गाडी, चालक, दोन शिपाई आणि दोन होमगार्ड. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? पहिले उत्तर बहुधा ‘साहेबांना फोन लावू’ असे येते. फोन लावायलाच हवा, पण त्याला एक मिनिट पुरते. जखमीसोबत कोण जाईल, गल्लीचे कोणते तोंड आधी बंद करायचे, चित्रीकरण कोण करील, पोलीस पाटलांना कोण बोलावील आणि नियंत्रण कक्षाला वायरलेसवर नेमके कोणते शब्द सांगायचे, हे तुम्हालाच ठरवायचे आहे, असे सांगितल्यावर वर्गातला सूर बदलतो. एकदा मागच्या बाकावरची एक हवालदार म्हणाली, “मॅडम, पहिल्यांदा गाडी वळवून परतीच्या तोंडाने उभी करायची. जमाव अंगावर आला तर जखमीला घेऊन निघता आले पाहिजे.” हे कोणत्याही पुस्तकात नाही. वर्षानुवर्षे नाकाबंदीत उभी राहिलेली ही बाई बंदोबस्ताच्या सेक्टरची प्रमुख एकदाही झालेली नव्हती.

पदोन्नतीचा प्रश्न आणखी अवघड आहे. शिपायाची नेमणूक जिल्ह्यापुरती असते. खात्याअंतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाले की नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत अनेक महिन्यांचे निवासी प्रशिक्षण आणि त्यानंतर राज्यात कुठेही बदली, असा क्रम ठरलेला. ही संधी नेमकी मुले प्राथमिक शाळेत असतानाच्या वयात येते. 2021 मध्ये काही जिल्ह्यांत महिला अंमलदारांची ड्यूटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा प्रयोग सुरू झाला, 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. या सोयींचा उपयोग नोकरी टिकवण्यासाठी होतो, पण परीक्षेचा अर्जच न भरणाऱ्या हुशार मुलींच्या अडचणीवर त्या पुरत नाहीत. निवासी प्रशिक्षणाच्या ठिकाणी पाळणाघर आणि पहिल्या नेमणुकीत लगतच्या जिल्ह्याचा विचार, एवढे जरी झाले तरी नेतृत्वावरच्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक फरक पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिबिरासाठी नाव पाठवण्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा, असे मी एका शिबिराच्या आयोजकांना सुचवले होते. परतल्यानंतर सहा महिने या कर्मचाऱ्याला कोणता पदभार देणार, हे ठाणे प्रभारींनी त्यात लिहून सही करावी. नेमणुका हा प्रशिक्षणाचा विषय नव्हे, असे उत्तर आले. तेव्हापासून शेवटच्या अर्ध्या तासात मी मुलींकडून आपापल्या प्रभारींच्या नावे एक विनंती अर्ज लिहून घेते. त्यात ‘योग्य ती संधी मिळावी’ असे मोघम वाक्य चालत नाही, ठाणे अंमलदाराची रात्रपाळी किंवा मालमत्तेच्या एका गुन्ह्याचा संपूर्ण तपास असे कामच मागावे लागते. काही अर्ज फायलीत पडून राहतात, काहींना यश येते. मध्यंतरी अशाच एकीचा फोन आला. घरफोडीचा तपास तिच्याकडे आला होता, आरोपी चोरीचा माल विकलेले सोनाराचे दुकान दाखवायला तयार होता, आणि निघण्यापूर्वी त्याचे हे सांगणे नोंदवणाऱ्या निवेदन पंचनाम्याला कोणते पंच घ्यावेत व जप्तीलाही तेच चालतील का, हे तिला विचारायचे होते.