दाणापाणी बंद

आमच्या दवाखान्याच्या संगणकात पेशंटचं कार्ड उघडायचं तर आधी मालकाचं नाव भरावं लागतं, त्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. म्हणून कुणीतरी फार पूर्वी ‘वाइल्डलाइफ’ नावाचा एक खोटा मालक तयार करून ठेवलाय. गाडीखाली आलेले कोल्हे, काचेवर आपटलेली घुबडं, तणकापणी यंत्रात सापडलेले हेजहॉग, सगळे याच मालकाचे. बिल कायम शून्य. इंग्लंडमध्ये जंगली जनावर दारात आलं तर प्रथमोपचार आणि वेदना कमी करणं हे आम्हा पशुवैद्यांना विनाकारण नाकारता येत नाही.

2024 च्या जानेवारीत या मालकाच्या खात्यावर मी एक ग्रीनफिंच पक्षी चढवला.

सुरुवात मात्र आठ दिवस आधीची. शुक्रवार, 19 जानेवारी. डर्बीशरमधलं आमचं गाव आठवडाभर गोठलेलं होतं, सकाळी गाडीची काच खरवडताना बोटं बधिर व्हायची. मी एका लॅब्राडोरच्या पोटातून मोजा काढत होते. (कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, घरातले सगळे नाही म्हणाले.) रिसेप्शनवरची मुलगी दार किलकिलं करून म्हणाली, “एका आजींचा फोन आहे. बागेतल्या दाण्याच्या टेबलावर एक छोटा हिरवा पक्षी सकाळपासून पिसं फुगवून बसलाय. हाताच्या अंतरावर गेलं तरी उडत नाही. काय करू विचारतायत.”

मी मान वर न करता म्हटलं, “गारठला असेल. दाणा चालू ठेवा म्हणावं. पाण्यावर बर्फ धरू देऊ नका.”

झालं. फोन ठेवला गेला आणि मी मोज्याकडे वळले.

इथे हिवाळ्यात पाखरांना दाणा घालणं हा घराघरातला उद्योग आहे. जानेवारीत आठच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. दहा-अकरा ग्रॅमच्या ब्लू टिटला सोळा तासांची रात्र अंगावरची चरबी जाळून काढायची असते आणि सकाळी ती भरून काढायला हातात फक्त आठ तास. म्हणून लोक सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, शेंगदाणे, चरबीचे गोळे टांगतात. जर्मनी-ऑस्ट्रियाकडचे काही ब्लॅककॅप पक्षी तर थंडीत दक्षिणेला जायचं सोडून ब्रिटनला येऊ लागलेत, त्यामागे या बागांमधल्या फुकटच्या खानावळींचा मोठा हात आहे.

मी नवी असताना बाजारात ‘नायजर’ असं लिहिलेली पिशवी पाहिली. काळे, बारीक, लांबट दाणे. चिमूटभर हातावर घेतले आणि हसूच आलं. कारळे! अकोले तालुक्यात आजीच्या शेताच्या बांधापलीकडे खुरासनी पिवळीधमक फुलायची, घरात तिची चटणी कायम. इथे ती गोल्डफिंच पक्षी खातात, आणि तीही खास बारीक भोकांच्या नळकांड्यातून. आईला फोटो पाठवला तर तिचा उलट प्रश्न : “लसूण-मिरची कोण घालतं त्यांना?”

तर शनिवार, 27 जानेवारी. हा जानेवारीचा शेवटचा शनिवार-रविवार म्हणजे पक्षी मोजायचे दिवस. आरएसपीबी ही इथली पक्षीसंरक्षण संस्था 1979 पासून ही मोजणी घेते. एक तास खिडकीत बसायचं, बागेत उतरलेल्या प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहायचा, वरून उडून गेलेले धरायचे नाहीत. आमच्या दवाखान्यातली नर्ससुद्धा सकाळी मोजून आली होती आणि अकरा चिमण्यांचा तोरा मिरवत होती.

दुपारी बाराला, शटर ओढायच्या बेतात, एक आजी आल्या. ऐंशीच्या आसपास, ताठ, बुटांचा खोका छातीशी धरलेला. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुडी.

“गेल्या शुक्रवारी मी फोन केला होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितलंत तसंच केलं. दाणा दुप्पट केला. पाणीसुद्धा रोज कोमट घालते. पण हा पाचवा.”

पुडीत चार होते.

पोटात खड्डा पडला तो त्याच क्षणी. थंडी केव्हाच ओसरली होती. मधे दोन वादळं येऊन गेली, पाठोपाठ हवा उबदार झाली, लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरत होते. गारठ्याने मरणारा पक्षी ऊब आल्यावर कशाला मरेल?

हातमोजे, मास्क चढवला. पक्ष्यांचा फ्लू येऊन गेल्यापासून आम्ही कुठल्याही जंगली पाखराला तसे हात लावत नाही. खोक्यात नर ग्रीनफिंच. शेवाळी हिरवा, पंखाच्या कडेला हळदीसारखी पट्टी, एरवी फार देखणा पक्षी. आता नुसता लोकरीचा गोळा. उचलला तरी धडपड नाही. छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं, मांस उरलंच नव्हतं. चोचीभोवतीची पिसं ओली, चिकटलेली, त्यात दाण्याचा चुरा. डोळे अर्धे मिटलेले. चोच हलकेच उघडून टॉर्च मारला. घशात पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर.

हे मी पाहिलं होतं. एकदा नाही, शेकड्यांनी. परळच्या आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला लागून जे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तिथे इंटर्नशिपच्या जानेवारीत आम्ही संक्रांतीच्या मांज्याने चिरलेले पंख शिवत बसायचो. घारी, बगळे, पण मुख्यतः कबुतरं. आणि त्या कबुतरांची चोच उघडली की कितीदा तरी घशात हाच पिवळा थर. ‘कँकर’. ट्रायकोमोनास गॅलिनी नावाचा एकपेशीय जीव. आमचे सर म्हणायचे, पंख नंतर, आधी घसा बघ.

घसा बघायची सवय मी परळलाच ठेवून आले होते बहुतेक.

अशीच लक्षणं फिंच पक्ष्यांत साल्मोनेला या जिवाणूनेही दिसतात, म्हणून नक्की करायला हवं होतं. ओल्या स्वॅबने घसा पुसला, काचपट्टीवर कोमट सलाईनच्या थेंबात मिसळला आणि तसाच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. यात वेळ घालवून चालत नाही. हा जीव पक्ष्याच्या अंगाबाहेर फार टिकत नाही, सुकला की मेला, आणि मेल्यावर ओळखणं कठीण. भिंग जुळलं आणि पाण्यात ढकलाढकली चालल्यासारखे ते दिसले. पेअरच्या आकाराचे, शेपट्या झाडत, गिरक्या घेत.

ब्रिटनमध्ये फिंच पक्ष्यांत हा आजार पहिल्यांदा 2005 मध्ये दिसला. कबुतरांकडून आला असं मानतात. पुढच्याच वर्षी साथ भडकली आणि तेव्हापासून ग्रीनफिंचची वाताहत चालू आहे. 1993 पासून हिशेब धरला तर साठ टक्क्यांहून जास्त घट. 2021 च्या डिसेंबरमध्ये त्याचं नाव इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेलं. फुगलेला, सुस्त, जवळ गेलं तरी न उडणारा ग्रीनफिंच म्हणजे काय, हे इथल्या कुठल्याही पशुवैद्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं.

पक्ष्याला वाचवायची वेळ टळून गेली होती. औषध असतं, कबुतरांना देतातही, पण याला गिळताच येत नव्हतं. आजींना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. गॅसने झोपवला, मग इंजेक्शन. अठ्ठावीस ग्रॅमचा पक्षी भरतो म्हणतात, याचं वजन एकोणीस भरलं.

आता अवघड भाग.

“हा आजार लाळेतून पसरतो,” मी म्हटलं. “आजारी पक्षी दाणा उचलतो, गिळता येत नाही म्हणून टाकतो. तो ओला दाणा दुसरा उचलतो. पाण्याचंही तेच. रानात ते एवढे एका जागी येत नाहीत. दाण्याच्या टेबलावर मात्र—”

“म्हणजे माझ्याकडेच लागला त्यांना.”

“बहुतेक.”

“दुप्पट दाणा घातल्यामुळे.”

यावर गप्प राहून निभावलं असतं. फोन रिसेप्शनने घेतला होता, निरोप कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला तिथे उभं राहवेना. “दाणा चालू ठेवा असं मीच सांगितलं होतं,” मी म्हटलं. “पक्षी न बघता. ते चुकलं. त्याच दिवशी दाणा-पाणी दोन्ही बंद करायला सांगायला हवं होतं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुडीची घडी नीट करत एवढंच म्हणाल्या, “फोनवर मी रंग सांगितला होता. हिरवा.”

दवाखाना बंद करून मी ब्लीचची बाटली, बादली आणि दोन ब्रश गाडीत टाकले आणि त्यांच्या मागोमाग गेले. हे माझ्या कामात बसत नाही आणि वरिष्ठांना सांगितलं तर हसतील, म्हणून सांगितलं नाही.

बाग छोटीच, पण थाट मोठा. सहा नळकांडी, एक लाकडी सपाट टेबल, दगडी पाणवठा. टेबलाखालच्या गवतावर टरफलं आणि ओल्या दाण्यांचा बोटभर जाड थर, वास मारणारा. आम्ही दोघींनी सगळं उतरवलं. राहिलेला दाणा काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात. पाणवठा उलटा. नळकांडी घासायची, पातळ केलेल्या ब्लीचमध्ये बुडवायची, खळाळून धुवायची आणि मग खडखडीत सुकू द्यायची. सुकवणं सगळ्यात महत्त्वाचं. आजींचा हात माझ्यापेक्षा जोरात चालत होता. कुंपणाच्या झुडपात पाखरं ओळीने बसून आमचा उद्योग बघत होती. एक रॉबिन तर सरळ बादलीच्या कडेवर येऊन बसला, त्याला हाकलताना मला फार कानकोंडं झालं.

पुढे 2025 च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, लोकांनी ती ओढून काढली, केवढा गदारोळ झाला. तिथला वाद माणसांच्या फुप्फुसांचा, इथला पाखरांच्या घशाचा. पण बातम्यांत दाण्याची पिशवी पोटाशी धरून उभी असलेली एक म्हातारी दिसली आणि मला डर्बीशरची बादली आठवली. तिच्याशी कुणी नीट बसून बोललं का, एवढंच मनात आलं.

स्वयंपाकघरात चहा झाला. मेलेल्या पाच पक्ष्यांची नोंद ‘गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ’ या प्रकल्पाच्या अर्जात करायची होती. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने 2013 पासून चालणारं हे काम. बागेत आजारी किंवा मेलेले पक्षी दिसले की लोक त्यांना कळवतात, कधी ते शवविच्छेदनासाठी मागवूनही घेतात. अर्ज भरताना तारखा हव्या होत्या. आजींनी एक वही काढली.

1979 ची पहिली मोजणी लहान मुलांसाठी होती, बीबीसीवरच्या मुलांच्या कार्यक्रमातून आवाहन झालं होतं. आजींचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. पहिलं पान त्याच्या अक्षरात, पुढची सगळी यांच्या. दर जानेवारीला एक ओळ, प्रत्येक जातीला एक रकाना. ग्रीनफिंचच्या रकान्यावरून मी बोट फिरवत गेले. नव्वदच्या दशकात नऊ, चौदा, अकरा. 2007 ला तीन. मग एक. मग नुसत्या रेघा, कितीतरी वर्षं. गोल्डफिंचचा रकाना सुरुवातीला रिकामा आणि पुढे भरत गेलेला.

“या नोव्हेंबरमध्ये सहा आले,” त्या म्हणाल्या. “इतक्या वर्षांनी. म्हणून तर ते टेबल नवीन घेतलं.”

मी चहाच्या कपात बघत राहिले. (वर्षभराने, 2025 च्या सुरुवातीला, आरएसपीबीने स्वतः अशी सपाट टेबलं विकणं थांबवलं, रोग पसरण्याच्या याच शंकेवरून.)

“उद्या माझी मोजणी आहे. मेलेले धरायचे का?”

“नाही. त्या तासात जिवंत उतरलेलेच.”

“आणि दाणा केव्हा?”

“फेब्रुवारी संपेपर्यंत नको. तोवर आजारी पक्षी दिसला तर आणखी पुढे.”

निघताना त्यांनी बिल विचारलं. बिल नसतं म्हटल्यावर वीस पाउंडाची नोट माझ्या कोटाच्या खिशात कोंबली. ती दवाखान्यातल्या देणगीच्या डब्यात गेली. सोमवारी कार्ड पूर्ण करताना ‘निदान’ लिहिलं, ‘उपचार’ लिहिले. शेरा या रकान्यात 19 जानेवारीच्या फोनची तारीख आणि मी काय सांगितलं तेही लिहिलं. वाइल्डलाइफसाहेब काही तक्रार करणार नव्हते, पण लिहिलं.

दुपारी रिसेप्शनने हाक मारली. आजींचा फोन. या वेळी मी स्वतः घेतला.

“रॉबिन एक,” त्यांनी वाचायला सुरुवात केली. “ब्लॅकबर्ड तीन. डनॉक दोन. ब्लू टिट दोन, तेही झुडपातच. गोल्डफिंच नाही.” थोडं थांबून, “ग्रीनफिंच एक. मोकळ्या दांडीवर बसला, इकडेतिकडे पाहिलं. नीट पाहिलं मी. फुगलेला नव्हता.”

“छान.”

“मग शेजारी गेला. चौदा नंबरकडे. त्यांच्याकडे माझ्यासारखंच टेबल आहे.”

“अरे देवा. मग?”

“मग काय, तुमची ब्लीचची बाटली माझ्याकडेच राहिलीय,” त्या म्हणाल्या. “कोट घालतेय मी आत्ता.”