माणसाला जगवत नाही

इसवी सनापूर्वी 399 मध्ये अथेन्समध्ये चाललेल्या खटल्यात सॉक्रेटिसाने केलेले बचावाचे भाषण, म्हणजे प्लेटोचे ‘अपोलोगिया’, मुळातून वाचावे एवढ्याच हेतूने मी प्राचीन ग्रीक शिकायला घेतले. 24 अक्षरांची लिपी आठवड्याभरात हाताखाली आली. क्रियापदांनी मात्र घाम काढला. शाळेत घोकलेले संस्कृत येथे अनपेक्षितपणे कामी आले. ‘दिदोमि’ पाहिल्यावर ‘ददामि’ आठवतेच, शिवाय द्विवचन आहे, आत्मनेपदाचा भाऊबंद शोभेल असा मध्यम प्रयोग आहे आणि ‘अगच्छत्’मधल्या ‘अ’सारखा भूतकाळात धातूच्या आधी येणारा ‘ए’ही आहे.

ज्या वाक्यासाठी हा खटाटोप केला, ते 38 व्या पानावर आहे. (हे पृष्ठांक 1578 च्या छापील आवृत्तीचे असून प्लेटोची कोणतीही प्रत उघडली तरी समासात तेच आढळतात.) ‘हो दे अनेक्सेतास्तोस बिओस ऊ बिओतोस अन्थ्रोपोइ.’ अपरीक्षित जीवन जगण्याच्या लायकीचे नसते, असा त्याचा अर्थ मी इंग्रजीवरून वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. मुळात ‘लायकी’साठी वेगळा शब्दच नाही. ‘बिओस’ म्हणजे जीवन, आणि त्याच कुळातले ‘बिओतोस’ हे विशेषण ‘जगण्याजोगे’ आणि ‘जगता येण्यासारखे’ या दोन्ही अर्थांना जागा देते. ‘अन्थ्रोपोइ’ तर सरळ चतुर्थीत आहे: माणसाला. असले जीवन माणसाला जगवत नाही, असे मराठीत म्हटले की ती चतुर्थी जागच्या जागी बसते आणि वरून दिलेल्या निकालाऐवजी सोसण्याच्या मर्यादेबद्दलचे बोलणे ऐकू येते. व्याकरण दोन्ही अर्थांना मुभा देत असले, तरी माझा कल आता या दुसऱ्या अर्थाकडे आहे.

त्याहून मोठा धक्का असा की हे मुळी स्वतंत्र वाक्यच नाही. दोषी ठरल्यानंतर, शहर सोडून गप्प राहणे आपल्याला का जमणार नाही हे सांगताना सॉक्रेटिस म्हणतो की, सद्गुणांविषयी रोज चर्चा करणे हेच माणसाचे सर्वांत मोठे हित आहे आणि अपरीक्षित जीवन माणसाला जगवत नाही असे मी म्हणालो, तर त्यावर तुम्ही आणखीच कमी विश्वास ठेवाल. सुभाषित म्हणून भिंतीवर टांगले जाते ते या लांब वाक्यातले मधले एक अंग आहे, आणि ते उच्चारतानाच आपले कोणी ऐकणार नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे.

सध्या मी 40 व्या पानावर आहे. एवढा वेळ ‘अथेन्सच्या लोकांनो’ अशीच हाक मारणारा सॉक्रेटिस येथे, मृत्युदंड ठरल्यानंतर, त्याच्या सुटकेच्या बाजूने मत दिलेल्यांना प्रथमच ‘न्यायाधीशहो’ म्हणतो, आणि तुम्हालाच हे नाव योग्य रीतीने देता येईल, असेही लगेच जोडतो.