कैलासपती तोडायला बोलावलं होतं

मी सोलापुरात बागकामाची कामं घेतो, लॉन, छाटणी, झाडं लावणं, धोक्याची झाडं उतरवणं सगळंच. बीएस्सी बॉटनी झालंय त्यामुळे झाड कुठलं हे बघितल्याशिवाय करवत काढत नाही. तर मे महिन्यात सात रस्त्याकडच्या एका जुन्या बंगल्यातून फोन आला, झाड तोडायचंय, फळ पडून गाडीची काच फुटली, घरात नातवंडं खेळतात, लवकर या. कसलं झाड विचारलं तर काका म्हणाले, "नाव माहीत नाही हो, पण बुंध्यालाच फळं लागतात." तेव्हाच वाटलं कैलासपती असणार, आणि गेलो तर खरंच कैलासपती, तोही बहरात!

गुडघ्यापासून ते पार माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत खोड फुलांच्या दांड्यांनी झाकून गेलेलं आणि गेटातनं आत शिरतानाच वास. हे झाड मूळचं आपल्याकडचं नाही, गयाना, सुरिनाम, ब्राझील ह्या भागातल्या सदाहरित जंगलातलं, ऑब्ले नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने 1775 साली त्याची शास्त्रीय नोंद केली, कुरुपिटा गायनेन्सिस. ब्राझील नटच्या कुळातलं, आणि आपल्या सह्याद्रीतला कुंभा पण त्याच कुळातला. तिकडे धो धो पाऊस आणि इथे आपलं सोलापूर, मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, अशा ठिकाणी ह्याचं एवढं मोठं झाड मी तरी फार कमी बघितलंय. हे का तगलं ते आवारात फिरल्यावर कळलं, बाजूलाच जुना आड आहे आणि न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं तिकडेच जातंय.

काका काही ऐकायच्या मूडमध्ये नव्हते. मी म्हणलं, 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आधी अर्ज करावा लागेल. ते म्हणाले अर्ज करू, तोपर्यंत वरच्या फांद्या तरी छाटा. एवढ्यात आमचा पोरगा शिडी लावत होता, शिडीचा धक्का लागला आणि एक पिकलेलं फळ धाडकन फरशीवर! फुटलं आणि जो काय वास सुटला, पोरगा नाक दाबून लांब, "अण्णा, काय बे हे, मेलेल्या घुशीवानी घाण मारतंय!" नातवंडं आधी पळाली, मग हळूहळू परत जवळ आली. मी त्यांना म्हणलं पळू नका, बघा आता. आतला गर पांढरट असतो, हवा लागली की बघता बघता निळा-हिरवा पडतो. पोरं खाली बसून टक लावून बघत होती. एका फळात शेकडो बिया निघतात आणि प्रत्येक बीवर बारीक केस. तिकडच्या जंगलात रानडुकरासारखे पेकरी नावाचे प्राणी पडलेली फळं फोडून खातात आणि बिया त्यांच्या पोटातनं लांब लांब जाऊन पडतात. तो घाण वास आपल्यासाठी नसतोच, त्यांच्यासाठी असतो.

मग मी एक ताजं फूल घेतलं आणि ओट्यावर बसून ब्लेडने उभं कापून काकांच्या हातात दिलं. सहा जाड पाकळ्या, आतनं गुलाबी-लाल, बाहेरनं पिवळसर. मधोमध बीजकोश, त्याभोवती आखूड पुंकेसरांचं गोल कडं, आणि त्या कड्याच्याच एका बाजूने एक जाड पट्टी निघून फण्यासारखी वर वाकलेली, तिच्या टोकाला पण पुंकेसर. हा फणा नुसता शोभेला नाही. ह्या फुलात मध नसतो, भुंगे येतात ते परागकण खायला. फण्यावरचे परागकण फक्त खाण्यापुरते, त्यातनं बी धरत नाही, आणि भुंगा ते खायला आत घुसला की खालच्या कड्यातले खरे परागकण त्याच्या अंगाला लागतात आणि तो ते दुसऱ्या फुलावर घेऊन जातो. फूल टिकतं एक दिवस. एवढी फुलं येतात पण फळ धरतं मोजक्याच फुलांना, आणि ते पिकायला वर्षभर तरी जातं.

घरातल्या अज्जी इतका वेळ खुर्चीत बसून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "नागलिंगाचं फूल हाय ते, मी रोज सिद्धेश्वराला नेत होते, आता पाय चालत नाहीत." काका गप्प झाले. आईने हे कधी सांगितलंच नव्हतं बहुतेक, किंवा सांगितलं असेल आणि त्यांच्या लक्षात नसेल.

मग मुद्द्याचं बोललो. वरच्या फांद्या छाटून काहीच होणार नाही, कारण फुलं-फळं पानांच्या फांद्यांना येतच नाहीत, खोडातनं निघणाऱ्या वेगळ्या दांड्यांना येतात. म्हणजे फळ पडणार ते खोडाला लागूनच पडणार, गाडी नेमकी तिथेच लावलेली होती. छाटणी केली असती तर झाड उगाच दुबळं झालं असतं आणि फळं तशीच राहिली असती. त्यापेक्षा मोठी झालेली फळं आम्ही एकेक करून पोत्यात धरून दांडीपासून कापली आणि दोराने खाली सोडली, चांगलीच जड असतात, वरनं नुसती टाकायची नाहीत. खोडाभोवती गोल आळं करून कुंपण घातलं म्हणजे पोरं आत जाणार नाहीत. गाडीला गेटच्या दुसऱ्या बाजूला जागा काढली. तोडायचा अर्ज काही झाला नाही.

तुमच्या आवारात कैलासपती असेल तर पावसाळ्यानंतर एकदा खोड नीट बघून घ्या, फळं लिंबाएवढी असतानाच नको असलेली काढून टाका, तेव्हा साध्या कात्रीने निघतात. आणि मधेच सगळी पानं गळाली तर वाळलं म्हणून करवत लावू नका, हे झाड पानं एकदम टाकतं आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी काढतं. उन्हाळ्यात पाणी मात्र आळ्यातनं भरपूर द्या, सोलापुरात त्याशिवाय ते तग धरत नाही.