आर ५६०२: स्टीलपॅनचा सूर का डुलतोय

हॉलीज या ब्रिटिश बँडच्या पार्लोफोन कंपनीच्या सिंगल्सचं (छोट्या ४५ च्या तबकड्या) मोनो ट्रान्सफर, म्हणजे आवाज उतरवून घेण्याचं काम, चौदाव्या तबकडीपर्यंत सुरळीत आलं. १९६३ च्या आर ५०३० (हा तबकडीचा क्रमांक) पासून १९६९ च्या आर ५८०६ पर्यंत वीस आहेत. पंधरावी, ‘कॅरी ॲन’ (आर ५६०२, १९६७, ब्रिटिश विक्रीयादीत क्र. ३), मात्र अडली. सुरुवातीच्या गळ्यांत काही कळत नाही. मधला स्टीलपॅनचा (पत्र्याच्या पिंपापासून केलेलं, काठीने वाजवायचं वाद्य) तुकडा आला की प्रत्येक ठोक्याची गुंज वरखाली डुलते. स्टीलपॅन हे वॉव (सुराचं असं संथ डुलणं) पकडणारं सर्वात निर्दय वाद्य आहे, कारण त्यात गायकाच्या कंपासारखं लपायला काहीच नसतं.

डुलण्याचा काळ १.३३ सेकंद, म्हणजे ४५ च्या वेगाला बरोबर एक फेरा. त्यामुळे मोटर आणि बेल्ट संशयातून सुटले. दोष प्लॅटरचा (फिरत्या थाळीचा) किंवा तबकडीचा. नेहमीची चाचणी: लेबलवर आणि प्लॅटरच्या कडेला खडूची खूण करायची, रेकॉर्ड अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठेवायची आणि सूर कुठल्या खुणेला चढतो ते बघायचं. इथेच घोळ झाला. चढ ना लेबलच्या खुणेशी जुळला, ना प्लॅटरच्या. दर वेळी नवीच जागा.

कारण साधं निघालं. ही ज्यूकबॉक्समधली प्रत, मधला चार दांड्यांचा भाग काढून टाकलेली, म्हणून भोक मोठं आणि ते भरायला ॲडॉप्टर लागतो. कॅलिपरने भोक ३८.३ मिमी, प्लास्टिकचा ॲडॉप्टर ३७.६. म्हणजे एका बाजूला ०.३५ मिमी सरकायला जागा. ॲडॉप्टरच्या भोकात स्पिंडलभोवती (प्लॅटरची मधली खुंटी) आणखी ०.०५. शेवटच्या बंद खोबणीत (जिथे सुई त्याच वर्तुळात फिरत राहते) सुईचा आर्म ०.८ मिमी डोलत होता. त्याचं निम्मं ०.४, हिशेब जुळला. स्टीलपॅन साधारण ६० मिमी त्रिज्येवर येतो असं धरलं, तर ०.४ भागिले ६० म्हणजे ०.६७ टक्के, दोन्ही बाजू मिळून २३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). जवळजवळ एक प्रमाणश्रुती (सुमारे २२ सेंटचं बारीक स्वरांतर)! आत जावं तसं हे वाढतं; सुरुवातीला थोडं कमी असतं आणि गळ्यांत लपतं, म्हणून ती निर्दोष वाटते.

पिवळे तीन पायांचे प्लास्टिकचे ॲडॉप्टर ट्रान्सफरसाठी घेऊच नयेत. ॲल्युमिनियमचा घुमटासारखा ॲडॉप्टर बरा, पण तोही मोजूनच घ्यावा. विक्रेते पृष्ठभागाची प्रतवारी लिहितात, मध्य काढलाय की नाही हे लिहीत नाहीत. ते विचारून घ्या.

पहिला उपाय: ॲडॉप्टरच्या कडेवर १२० अंशांवर सेलोटेपच्या तीन पट्ट्या, प्रत्येकी सहा थर (एक थर ०.०५ मिमी). मास्किंग टेप नको, ती दबते आणि तिचा गोंद विनाइलला लागतो. डोलणं ०.२ मिमीवर आलं, ऐकायला पुरेसं. पण थर लावताना लक्षात आलं की ॲडॉप्टर हवाच कशाला?

तो काढून रेकॉर्ड थेट रबरी मॅटवर ठेवली. ७ मिमीच्या स्पिंडलभोवती आता भरपूर मोकळी जागा आहे. सुई शेवटच्या बंद खोबणीत सोडायची. आर्म सर्वात बाहेर गेला की प्लॅटर थांबवायचा, सुई उचलायची आणि त्याच बाजूने तबकडी बोटाने आत, स्पिंडलकडे ढकलायची, डोलण्याच्या निम्म्याइतकीच. चार-पाच वेळा केलं की आर्म स्थिर होतो. सुईच्या अडीच ग्रॅमच्या भाराला तबकडी जागची हलत नाही, वरून वजन नको. मोठा फायदा हा की छापतानाच भोक चुकलेलं असलं तरी तेही यात सुधारतं. ॲडॉप्टर कितीही घट्ट असला तरी ते त्याला जमत नाही.

स्टीलपॅन आता खिळल्यासारखा वाजतो. तो तुकडा सलग तीनदा ऐकावा असा झालाय. सुई २५ मायक्रॉनची गोल, दोन्ही चॅनेल एकत्र केलेले, म्हणजे उभ्या दिशेचा खरखराट गळतो. याच सुईने ‘आय ॲम अलाइव्ह’ (आर ५२८७, १९६५, साठच्या दशकातला त्यांचा एकमेव ब्रिटिश क्र. १) मध्ये खोबणीची न झिजलेली भिंत सापडली होती.

आता मागे जावं लागणार. ‘स्टॉप स्टॉप स्टॉप’ची (आर ५५०८) प्रतही मध्य काढलेलीच आहे. त्यांचा गिटारवादक टोनी हिक्स याच्या बँजोचे सूर तोकडे, म्हणून दोष झाकला गेला असणार. ते आधी, मग ‘किंग मिडास इन रिव्हर्स’ (आर ५६३७). ते विक्रीयादीत क्र. १८ वर अडकलं हा ब्रिटिश श्रोत्यांनी केलेला अन्यायच. मांडणी ‘कॅरी ॲन’पेक्षा कितीतरी श्रीमंत आहे.

खरी परीक्षा आर ५८०६. ‘ही एंट हेवी’ संथ, त्यात एल्टन जॉनचा पियानो आणि लांब ओढलेली माउथऑर्गन. हाताशी असलेल्या प्रतीचा मध्य शाबूत आहे, म्हणजे भोक लहान आणि सरकवायला जागाच नाही. आपल्या एचएमव्हीच्या हिंदी-मराठी ईपींची अडचण हीच. रीमरने (भोक रुंदावायचं हत्यार) भोक ८ मिमी करता येईल, पण चांगल्या प्रतीला हत्यार लावणं पटत नाही. त्यापेक्षा मध्य काढलेली दुसरी प्रत शोधायची. संग्राहक त्यांना नाक मुरडतात, म्हणून त्या स्वस्तही मिळतात. यादीतल्या उरलेल्या पाचही सिंगल्ससाठी आता तशाच प्रती बघायच्या.