मुलुंडच्या आठ फुटी ओट्याला बांबूची दारं

बांबूचं स्वयंपाकघर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अलिबागचं एखादं रिसॉर्ट उभं राहतं. आमचं तसलं काही नाही. मुलुंड पूर्वेची जुनी सोसायटी, आठ फुटी ओटा, त्याखाली ट्रॉल्या, वर कपाटं. लांबून पाहणाऱ्याला दारं सागवानी व्हिनियरची वाटतात. जवळ गेलं की पेरं दिसतात.

जुनी कपाटं काढायचीच होती. सिंकखालचं प्लाय फुगून सुटं झालेलं, वरच्या कपाटांना बोअरर, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, लागलेली. मॉड्युलरवाले येऊन मापं घेऊन गेले. त्यांच्याकडे सनमायक्याच्या रंगांची जाडजूड फाइल. पण आत बोर्ड कुठला घालणार, त्यात गोंद कुठला, असं विचारलं की उत्तर तोंडातल्या तोंडात. तेव्हा मी बांबूचं मनावर घेतलं. बांबू तीन-चार वर्षांत तोडायला येतो आणि त्याच बेटाला पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. सागाला माणसाची अर्धी हयात जाते. एवढं गणित मला पुरेसं होतं.

सासूबाईंना नव्हतं. त्या सावंतवाडीकडच्या, त्यांच्या माहेरी परसात बांबूची बेटं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "माळ्यावरच्या काठ्यांतसून पीठ गळता, ता डाळीच्या डब्यात होया तुका?"

हा प्रश्न बांबूचं गुणगान करणारे सहसा घेत नाहीत. बांबूत स्टार्च भरपूर आणि किडीला दूर ठेवणारं सागासारखं तेल अजिबात नाही. बारीक भुंगेरा आत शिरतो, स्टार्च खातो आणि बाहेर पिठासारखा भुसा टाकतो. पावसाळा संपल्यावर तोडलेल्या काठीत स्टार्च कमी असतो, म्हणून जुनी माणसं तोडीचा हंगाम पाळायची. पण नुसत्या हंगामावर भिस्त ठेवून स्वयंपाकघर बांधता येत नाही. काठी किंवा पट्टी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेली हवी.

शोध माहीमला सुरू केला. तिथल्या वेताच्या दुकानांत खुर्च्या, झोपाळे, सूप, टोपल्या मिळतात. सपाट बोर्ड नाही. ऑनलाइन मिळणारे बहुतेक बोर्ड चीनमधल्या मोसो बांबूचे. गुळगुळीत, देखणे, पण समुद्रापलीकडून बांबू आणायचा आणि वर पर्यावरण जपलं म्हणायचं, हे मला जमेना. कोकणात माणगा जातीचा बांबू उभा असताना तर नाहीच. माणगा तळाकडे जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात, पट्ट्या जाड निघतात.

आमच्या मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वहिनी, हे लाकूड नव्हे, गवत." कायद्याला मात्र हे समजायला नव्वद वर्षं लागली. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांत मोडायचा. नोव्हेंबर 2017 मध्ये वटहुकूम निघाला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून बाहेर आला. बांधावरचा बांबू तोडून ट्रकमध्ये चढवताना शेतकऱ्यामागे लागणारं परवान्यांचं शुक्लकाष्ठ त्यामुळे सुटलं. माझे बोर्ड कुडाळकडून मुंबईला आले ते या बदलानंतरचे.

गावी गेलो तेव्हा कुडाळकडच्या एका कारखान्यात सासूबाईंनाही घेऊन गेले. त्यांची खात्री पटल्याशिवाय घरात शांतता नव्हती. तिथल्या मुलानं आधी कच्च्या काठीच्या ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. कडेपासून आतपर्यंत काळानिळा डाग पसरला, तो स्टार्च. मग मुरवलेली पट्टी मधोमध कापली, कापावर स्पिरिटमधला हळदीचा अर्क बोळ्यानं लावला, वाळू दिला आणि वरून आम्लाचं द्रावण फिरवलं. पिवळा काप लाल होत गेला, अगदी गाभ्यापर्यंत. शेजारची न मुरवलेली पट्टी पिवळीच राहिली. सासूबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "कुंकवाक सवागी घालतत, तशी." बरोबर होतं त्यांचं. कुंकवासाठी हळदीला सवागी आणि लिंबाचा रस लावतात. सवागी म्हणजेच टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स. त्यानंतर त्यांनी पिठाचा विषय काढला नाही.

घरी ही परीक्षा करणार असाल तर आम्ल विसरू नका. नुसती हळद साबणानं किंवा सोड्यानंही लाल होते, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

बोरॅक्समधल्या या बोरॉनची एक खोड आहे, ते पाण्यात विरघळतं. सतत ओल लागणाऱ्या जागी ते हळूहळू धुऊन जातं आणि बांबू पुन्हा उघडा पडतो. म्हणून आखणी करताना मी बांबूची हद्द ठरवून घेतली. ओट्याचा ग्रॅनाइट आणि मागच्या टाइल्स होत्या तशाच. खालचे सांगाडे 710 मार्काच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचे, चार इंची पायांवर उचललेले, म्हणजे लादी पुसताना पाणी कडेला लागत नाही. बांबू आला तो वरच्या कपाटांच्या दारांना, ट्रॉल्यांच्या दर्शनी पट्ट्यांना, मसाल्याच्या खणाला आणि खिडकीलगतच्या मांडणीला. शेगडीच्या डाव्या-उजव्या हाताला आणि वर काही नाही. तिथे चिमणी आणि स्टील. कुकरची वाफ आणि फोडणीचे शिंतोडे रोज झेलायला बांबू लावायचा नसतो, भले इंटरनेटवरच्या फोटोंत कितीही छान दिसो. शंभर टक्के बांबूचा हट्ट धरणाऱ्या डिझायनरनं मुंबईत जुलै महिन्यात एकदा स्वतः पोळ्या लाटून बघाव्यात.

गोंदाची चौकशी मी सोडली नाही. पट्ट्या एकमेकींना चिकटवूनच बोर्ड होतो, आणि स्वस्त गोंदातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडत राहतं. कारखान्याकडून ई-वन दर्जाचं, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सुटतं असं, लेखी घेतलं. बांबू फायबरच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या प्लेटा-मगांनाही मी याच कारणानं हात लावत नाही. त्यांत बरेचदा बांबूची भुकटी मेलामाइनमध्ये कालवलेली असते आणि गरम पदार्थात त्यातलं मेलामाइन, फॉर्मल्डिहाइड उतरतं. युरोपीय संघानं 2021 मध्ये अशा मालाविरुद्ध मोहीमच काढली.

सोसायटीची एनओसी, डिपॉझिट, दुपारी ठोकाठोकी बंद, हे सगळं नेहमीचंच. बोर्ड लिफ्टमध्ये मावेनात, जिन्यानं वर चढवले. बसवण्याआधी ते स्वयंपाकघरातच उभे करून ठेवले, इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून.

मेस्त्रींचा पहिला दिवस चिडचिडीत गेला. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती पात्याची धार खाते. त्यांचं साधं पातं थोड्याच वेळात कापायचं सोडून जाळायला लागलं. काठाला तपकिरी रेघ आणि घरभर भाजक्या पेंढ्याचा वास. कार्बाइडच्या दातांचं पातं आणलं तेव्हा गाडी रुळावर आली. स्क्रूचंही तसंच. सागात दाबून पिळला तरी जातो. इथे आधी बारीक ड्रिलनं भोक घेतलं नाही तर पट्टी धाग्याच्या रेषेत सरळ चिरते. बिजागरीचं प्रत्येक भोक मेस्त्रींनी आधी पाडून घेतलं आणि मगच दार हातात धरलं. पुढे पुढे त्यांनाच ते काम आवडायला लागलं. उरलेल्या पट्ट्या मागून नेल्या, गावच्या घरात देवांसाठी फळी करायला.

दारांवर चकाकी नसलेलं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारायचं ठरलं होतं. पॉलिशवाल्यानं ते दर्शनी बाजूला दोन हात मारलं आणि मागची बाजू कोणाला दिसतेय म्हणून कोरडी सोडली. एका बाजूनं दमट हवा प्यायची वाट मोकळी, दुसरीकडून बंद. पहिल्या पावसात सिंकच्या डोक्यावरचं दार धनुष्यासारखं वाकलं आणि आतून बुरशीचे ठिपके आले. पैसे अडवल्यावर तो परत आला. सगळी दारं उतरवून, घासून, मागून आणि चारही कडांना पीयू मारून घेतलं. वाकलेलं दार मात्र सरळ झालं नाही. तिथे आता प्लाय आणि सनमायका आहे, आणि सिंकला ते जास्त शोभतं असं माझं मत झालंय.

हळदीच्या डागांची भीती सगळ्यांनी घातली होती. पीयूवरचा डाग ओल्या फडक्यानं निघतो. खिडकीलगतच्या मांडणीवरचा राहिलेला पिवळेपणा उन्हानं आपोआप उडाला. चॉपिंग बोर्डाचं प्रकरण वेगळं. तो बोरॉन न लावलेल्या बांबूचा घेतला, कारण त्यावर थेट भाजी चिरायची. त्याला खायचं तेल चोळलं तर खवट वास धरतो, म्हणून फूड ग्रेड मिनरल ऑइल लावते, आणि धुतला की उभा ठेवते. रात्रभर सिंकमध्ये पडून राहिला तर दोष बांबूचा नाही.

शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, महाग पडलं का. सनमायक्यापेक्षा बरंच, चांगल्या व्हिनियरच्या जवळपास. त्यांनाही दारं करायची आहेत. कारखान्याचा नंबर दिला आणि सांगितलं, आधी पट्टीचा तुकडा मागवा, कापून हळदीची परीक्षा करून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.